चेक, चेकमेट, चेक्स, चेकनाका: सगळे एकाच घरातले

शब्दमुशाफिर (धागाकर्ता)

'मेल चेक कर', 'चेक वटला का?', 'चेक्सचा शर्ट', 'मुलुंड चेकनाका', 'चेकमेट'. शब्द एकच, अर्थ पाच: पडताळणी, पैसे देण्याचा कागद, चौकडीचं कापड, गाड्या अडवायची जागा आणि राजाला दिलेला शह. उच्चार सारखा पण कुळं वेगळी, असे शब्द इंग्रजीत ढिगाने सापडतात. चेकचं तसं नाही. हे पाचही अर्थ एकाच शब्दाची लेकरं आहेत, आणि तो शब्द इंग्रज इथे यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या तोंडी आहे: शह.

आपला चतुरंग इराणात गेला तिथे 'चतरंग' झाला, अरबांच्या तोंडी 'शतरंज'. राजा माऱ्यात आला की इराणी खेळाडू 'शाह!' असं म्हणून समोरच्याला सावध करत. अरबांनी खेळ घेतला तसा हा पुकाराही घेतला, आणि स्पेन-इटलीच्या वाटेने दोन्ही युरोपात पोचले. लॅटिनमध्ये त्याचं 'स्काकुस' झालं, जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेक', आणि तेराशेच्या आसपास इंग्रजीत 'चेक'. त्या फ्रेंच शब्दाचं अनेकवचन 'एस्चेस'. त्यावरून इंग्रजी 'चेस'. म्हणजे 'चेस' ह्या नावाचा शब्दशः अर्थ 'शाह', अनेक शाह. खेळाचं मूळ नाव सैन्यावरून, हत्ती-घोडे-रथ-पायदळ ह्या चार अंगांवरून पडलेलं. युरोपात ते पुसलं गेलं आणि राजाचं नाव खेळाला चिकटलं.

शह बसला की बाकी सगळं थांबतं. तुमचा हल्ला कितीही रंगात आलेला असो, आधी राजा सोडवायचा. ह्यातूनच 'चेक'ला अडवणं, लगाम घालणं, आळा घालणं हे अर्थ मिळाले. पडताळणीचा अर्थ बराच नंतरचा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. एखादी गोष्ट पुढे सोडायच्या आधी थांबवून बघायची, हा त्या दोन अर्थांमधला दुवा.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायला एक मोठं टेबल होतं, दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. मोजणीसाठी मांडलेल्या मोहरा (नाण्यांसारख्या चकत्या) खाली पडू नयेत म्हणून कडेने चार बोटं उंचीची पट्टी. वर काळं कापड, त्यावर साधारण वीतभर अंतराने आखलेल्या रेघा. एक रकाना पेनीचा, त्याच्या शेजारी शिलिंगाचा, मग पौंडाचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकलमसला (सप्टेंबरअखेरचा सण), परगण्याचा शेरीफ, म्हणजे राजाचा वसुली अधिकारी, हिशेब द्यायला यायचा. तो एका बाजूला, खजिनदार दुसऱ्या बाजूला. येणं किती, जमा किती, हे रकान्यांत मोहरा मांडून दोघांच्या डोळ्यांसमोर ठरायचं. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील ह्याने ही सगळी पद्धत गुरुशिष्य संवादाच्या रूपात लिहून ठेवली आहे. त्यात शिष्य विचारतो की ह्याला 'एक्स्चेकर' हे नाव का? गुरू सांगतो: हे टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं, आणि पटावर दोन राजांमध्ये जशी लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ ह्यांच्यात होते.

त्या पटाचं लॅटिन नाव 'स्काक्कारियम', फ्रेंच 'एस्चेकिये', इंग्रजीत 'एक्स्चेकर'. (सुरुवातीचं 'एक्स' हे नंतरच्या लेखनिकांनी लॅटिन वळण द्यायच्या नादात घुसवलेलं. मुळात ते तिथे नाही.) ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवतो, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाचा चॅन्सेलर.

हिशेबाला मोहरा का लागत? कारण लिहायला रोमन अंक, आणि त्यांत शून्य नाही, स्थानमूल्य नाही. कागदावर बेरीज-वजाबाकी करणं महाकठीण. आपले दशमान अंकही चतुरंगाच्याच वाटेने, अरबांकरवी, युरोपात गेले, पण रुजायला फार वेळ लागला. ते युरोपाला शिकवणारं, फिबोनाची ह्या इटालियन गणितीचं अंकगणित १२०२ सालचं. खेळ आधी पोचला, अंक मागे राहिले, म्हणून इंग्लंडच्या खजिन्याला गणितातलं नाव न मिळता खेळातलं मिळालं. भारतातून निघालेल्या दोन गोष्टींपैकी एकीची दुसरीवर अशी कुरघोडी झाली, हे वाचलं तेव्हापासून मला हा शब्द सोडवत नाही.

कापडाचं चटकन सांगतो. एक्स्चेकरचंच डोकं छाटून 'चेकर' झालं, म्हणजे पटासारखी चौकडी, आणि त्याचं लघुरूप 'चेक'. एक बारकावा मात्र आहे. आपला अष्टापद पट दोन रंगांचा नव्हता, नुसत्या रेघांची घरं असत. इराणी-अरबी पटही तसेच. एकाआड एक घर रंगवायची रीत युरोपातली, तिचा उल्लेख दहाव्या शतकाच्या अखेरीस मिळतो. ती पडली नसती तर चेक्सच्या शर्टाला हे नाव मिळणं अवघडच होतं.

बँकेच्या चेकबद्दल जाणकारांनी लिहावं, मग मी भर घालतो.

---

खिडकी_क्रमांक_४

सुंदर लेख. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही.

पूर्वी खिडकीवर चेक दिला की हातात पितळी बिल्ला मिळायचा, नंबर पुकारला की पैसे. मधल्या वेळात आत काय चालायचं, तर धाग्यातला तो पडताळणीचा अर्थ. तारीख, अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम जुळते का, खाडाखोड आहे का, सही नमुना-कार्डाशी जुळते का. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा असतील तर रोख द्यायचे नाहीत, खात्यातच जमा. आता चेक उजेडासमोर धरला तर कागदातच 'सीटीएस इंडिया' असं जलचिन्ह दिसतं, आणि खालच्या पांढऱ्या पट्टीत चुंबकीय शाईचे आकडे असतात. त्यातल्या नऊ आकडी कोडचे पहिले तीन शहराचे: मुंबई ४००, पुणे ४११. पिनकोडशी जुळतात ते.

कायदा १८८१ चा, परक्राम्य संलेख अधिनियम. चेक न वटल्यास फौजदारी गुन्हा हे कलम १३८ मात्र १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. आता शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि चेकची मुदत २०१२ च्या एप्रिलपासून सहा महिन्यांऐवजी तीन महिने. अजूनही लोक जुने चेक घेऊन येतात आणि काउंटरवर वाद घालतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

माझा प्रश्न: ह्या कागदाला 'चेक' का म्हणतात? शहाचा इथे काय संबंध?

---

शब्दमुशाफिर

काका, प्रतिसाद फार मोलाचा. उत्तर तुमच्याच टेबलावर आहे: स्थळप्रत, म्हणजे काउंटरफॉइल.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत 'चेक' म्हणजे पैशाच्या कागदाची स्थळप्रत. कोणी रक्कम वाढवून आणली किंवा खोटा कागद बनवला तर तो स्थळप्रतीशी ताडून पकडता यावा, म्हणजे लबाडीला चेक, आळा. आधी नाव मागे राहणाऱ्या तुकड्याचं होतं. मग अशी स्थळप्रत असलेल्या कागदालाच ते पडलं. 'क्यू-यू' घालून लिहायची ब्रिटिश पद्धत नंतरची, तिच्यावर एक्स्चेकरच्या स्पेलिंगची छाया आहे. अमेरिकनांनी ती घेतली नाही, ते सी-के वरच राहिले.

---

रानवारा

पण अरबी 'सक्क'चं काय? मध्ययुगीन बगदादमध्ये व्यापारी सक्क लिहीत, एका गावात लिहून दुसऱ्या गावात पैसे मिळत. कित्येक ठिकाणी वाचलंय की चेक हा त्याचाच अपभ्रंश. अर्थ जुळतो, ध्वनी जुळतो, अजून काय हवं?

---

शब्दमुशाफिर

रानवारा, वाट हवी. सक्क खरा होता, व्यवहारही खरा, आणि तो शब्दही मूळचा इराणीच, 'चक' म्हणजे दस्त. पण तो इंग्रजीत यायचा तर भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांच्या भाषांतून यायला हवा. तिथे उलट चित्र दिसतं: फ्रेंचांचा 'शेक' आणि स्पॅनिश 'चेके' हे दोन्ही इंग्रजीतून उचललेले. शिवाय इंग्रजीतले जुने दाखले सी-के असंच लिहिलेले आणि अर्थ स्थळप्रत. म्हणून बहुतेक कोशकार शहाच्या बाजूने आहेत, मीही.

---

मोडीवाचक

हुंडीचा विषय निघणारच होता. आपल्या पेढ्यांवर दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी असे दोन मुख्य प्रकार. दर्शनी म्हणजे दाखवताच पैसे. शिवाय एक 'शाहजोग हुंडी'. ही कुणीही आणून वटवायची नाही, बाजारात पत असलेल्या 'शाहा'मार्फतच वटायची. घोटाळा रोखायची तीही एक युक्तीच, आजच्या क्रॉस केलेल्या चेकच्या जातीची.

मात्र सावध: शाहजोगमधला शाह इराणचा बादशहा नव्हे. तो आपला साधु, त्याचा साहु, त्याचा साह. सावकारातला 'साव' तोच, आणि गुजराती शहा आडनावही त्याच मुळाचं मानतात. फारसीच्या वजनामुळे लिहिताना साहचा शाह झाला आणि दोन वेगळे शब्द एकसारखे दिसायला लागले.

शहाजीराजांच्या नावातला शहा मात्र फारसी. अहमदनगरच्या शाह शरीफ ह्या पिराच्या नावावरून मालोजीराजांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा बखरकार सांगतात.

---

ओवी_नाशिक

हे फारच आवडलं! मग शाह म्हणजे मुळात काय? आणि छत्रपतीतलं छत्र, क्षत्रिय, क्षत्रप हे सगळे त्याचेच नातलग का? आमच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाच्या काळातले लेख आहेत म्हणून विचारते.

---

शब्दमुशाफिर

ओवीताई, क्षत्रिय आणि क्षत्रप नातलग आहेत, छत्र नाही. जुन्या फारसीत राजाला 'ख्शायथिय' म्हणत. दारयवहू (डरायस) ह्या प्राचीन इराणी सम्राटाच्या बेहिस्तूनच्या कोरीव लेखात तो स्वतःला हेच म्हणवतो. पुढे त्याचंच झिजत झिजत 'शाह' झालं. त्यामागचा धातू सत्ता गाजवण्याचा, आणि संस्कृतातला 'क्षत्र' त्याचा भाऊ. इराणी 'ख्श' आणि आपला 'क्ष' अशी ही जोडी. सुभेदाराला इराणात 'राज्याचा रक्षक' अशा अर्थाचा शब्द होता, तोच इथे आला आणि क्षत्रप झाला. म्हणजे नाशिकच्या लेण्यात नहपानाच्या नावाला लागलेली पदवी, क्षत्रिय आणि बँकेतला चेक ही एकाच धातूची नाती.

छत्र 'छद्' ह्या झाकण्याच्या धातूवरून आलंय. छत्रपती म्हणजे ज्याच्यावर छत्र धरलं जातं तो. ध्वनी जवळचा असला तरी कूळ वेगळं.

---

अडीचघरं

मी लहान मुलांना बुद्धिबळ शिकवतो. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून वर्गात मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे, आणि सगळ्या पहिल्या दिवसापासून 'चेक! चेक!' ओरडतात. मी सांगतो की 'शह' म्हणा, तोच मूळ शब्द आहे. आता ह्या धाग्यामुळे त्यांना कारणही सांगता येईल. स्पर्धेत मात्र तोंडाने काहीच म्हणायची गरज नसते. शह बसलाय हे समोरच्याने स्वतः बघायचं.

मूळ लेखात 'मात' राहिलंय. चेकमेट म्हणजे 'शाह मात'. अनेक पुस्तकांत 'राजा मेला' असा अर्थ देतात, कारण अरबीत 'माता' म्हणजे मेला. मला हे पटत नाही. बुद्धिबळात राजा कधीच मरत नाही, पटावरून उचललाही जात नाही. बाकी सगळ्यांना मारता येतं, राजाला फक्त कोंडता येतं. फारसीत 'मात' म्हणजे हतबल, सुन्न, काही सुचेनासा झालेला. शेवटच्या खेळीला राजाची स्थिती नेमकी तीच असते. शेजारची सगळी घरं रोखलेली, मध्ये घालायला मोहरा नाही, शह देणाऱ्याला मारता येत नाही. मराठीत 'संकटावर मात केली' म्हणताना आपणही संकटाला ठार करत नाही, निष्प्रभ करतो. आपल्या भाषेने मूळ अर्थ नीट जपलाय असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. 'डबल चेक' हा आज ऑफिसातला शब्द झालाय, पण पटावर दुहेरी शह ही भयंकर गोष्ट. दोन मोहऱ्यांचा शह एकाच खेळीत बसतो, एकाला मारून किंवा वाट अडवून भागत नाही, राजाला हलावंच लागतं. मुलांना हे दाखवलं की त्यांचे डोळे विस्फारतात.

---

शब्दमुशाफिर

अडीचघरं, तुमच्या 'मात'बद्दलच्या मताला अभ्यासकांचाही पाठिंबा आहे, फारसी अर्थाकडेच त्यांचा कल दिसतो. 'काटशह' तर खास आपला. शहाला उत्तर देतानाच उलटा शह, आणि राजकारणाच्या बातम्यांत तो रोज भेटतो.

---

कोलशेत_ठाणे

चेकनाक्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. मुलुंड चेकनाक्यावर पूर्वी जकातीसाठी ट्रकांची रांग लागायची. गाडी थांबवायची, पावत्या बघायच्या, मग सोडायची. अडवणं आणि पडताळणं हे दोन्ही अर्थ एकाच जागी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. आता तिथे ना चेक ना नाका, पण रिक्षावाल्याला आजही 'चेकनाका' म्हटलं की पुरतं. शब्दाची जोडीही छान आहे, नाका आपला आणि चेक बाहेरून आलेला.

---

पैठणीवाली

कापडाच्या बाजूने थोडं. चौकडी हे नुसतं नक्षीचं काम वाटतं, पण ती मागावरच ठरते. ताण्यात (उभ्या धाग्यांत) रंगीत धागे ठरावीक अंतराने लावायचे आणि बाण्यातही (आडव्या धाग्यांत) त्याच मापाने फेकायचे. एक धागा इकडेतिकडे झाला की चौकोन लांबट दिसतो. नारायणपेठी साडीत ह्या चौकड्या फार सुबक असतात. मद्रास चेक्स हे नाव तर जगभर चालतं. आमच्याकडे जुन्या बायका 'चौकडीचं लुगडं' म्हणत, आता दुकानात सगळे 'चेक्स दाखवा' म्हणतात. मला दोन्ही चालतं, पण चौकडी हा शब्द मरू नये असं मनापासून वाटतं.

---

लिस्बनकर

पोर्तुगीजमध्ये बुद्धिबळाला 'शाद्रेश' म्हणतात, अरबी शतरंजवरून, म्हणजे थेट आपल्या चतुरंगावरून. आणि चौकडीच्या शर्टालाही शाद्रेशच! इंग्रजांनी चौकडीला राजाचं नाव दिलं, पोर्तुगिजांनी सैन्याचं. ब्राझीलमध्ये बोलीत शाद्रेश म्हणजे तुरुंगही. फ्रेंचमध्ये 'एशेक' म्हणजे शह आणि अपयश, दोन्ही.

---

व्लटावाकाठी

मी प्रागला असतो. मराठीत 'चेक प्रजासत्ताक' लिहितो तेव्हा हा चेक कुठला, असं इथल्या मराठी मुलांनी विचारलं होतं.

---

शब्दमुशाफिर

तो पूर्णपणे वेगळा, एका स्लाव लोकसमूहाचं नाव. स्पेलिंगही निराळं, फक्त देवनागरीत पडताळणीचा, बँकेचा आणि हा, तिन्ही एकसारखे दिसतात. पण तुम्ही तिथे आहात तर सांगा, चेक भाषेत बँकेच्या चेकला काय म्हणतात?

---

व्लटावाकाठी

'शेक'. आणि बुद्धिबळाला 'शाखी', शहाला 'शाख'. अरेच्चा, म्हणजे इथेही आपल्यासारखंच! एकदा खेळाबरोबर आलेला आणि एकदा बँकेबरोबर आलेला, तोच शब्द दोन रूपांत. आपल्याकडे शह आणि चेक, इथे शाख आणि शेक.

---

ओवी_नाशिक

शेवटचा प्रश्न. एक्स्चेकरच्या टेबलावर हिशेब झाला की पावती काय द्यायचे? कागद तर महाग असणार.

---

शब्दमुशाफिर

लाकडाची पावती. साधारण हेझल ह्या झाडाची काठी घ्यायची, रकमेप्रमाणे तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडाला तळहाताच्या जाडीची, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, अशी मापं फिट्झनीलनेच दिली आहेत. मग काठी उभी चिरायची. खाचा दोन्ही फाळ्यांवर अर्ध्या अर्ध्या. एक फाळी शेरीफकडे, एक खजिन्याकडे. पुढच्या हिशेबाला दोन्ही जुळवून बघायच्या. एकाने खाच वाढवली तर दुसऱ्यावर ती नसणार. खिडकी क्रमांक ४ वाल्या काकांच्या स्थळप्रतीचीच ही लाकडी आजी.

ही पद्धत १८२६ पर्यंत चालली. मग साठलेल्या काठ्यांचं करायचं काय? १६ ऑक्टोबर १८३४ ला त्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. धुराडी बेसुमार तापली, संध्याकाळी आग वर चढली आणि वेस्टमिन्स्टरचा राजवाडा जवळपास सगळा भस्मसात झाला. वेस्टमिन्स्टर हॉल मात्र वाचला. लंडनच्या फोटोत घड्याळाच्या मनोऱ्यासकट जी पार्लमेंटची इमारत दिसते, ती ह्या आगीनंतर बांधलेली आहे.